सूचना : सुट्टीत मुलांना खेळायला नेताना

बोरिवली पश्चिमेच्या सर्व पालक सभासदांना नमस्कार.

सुट्टी लागली की ‘पोरांना न्यायचं कुठे?’ हा प्रश्न ग्रुपवर रोज येतो, म्हणून एकदाच लिहिते.

लहानग्यांसाठी वीर सावरकर उद्यान सोयीचं. आजी-आजोबांनाही बसता येतं. मात्र रविवारी संध्याकाळी झोपाळ्याला रांग लागते, सकाळी लवकर गेलेलं बरं. मोठ्या मुलांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात न्या, पळायला जागा भरपूर. तिकीट लागतं आणि सोमवारी बंद असतं, हे विसरून गेटवर जाऊ नका. तिथे माकडं आहेत. वेफर्सचं पाकीट हातात दिसलं की गेलंच समजा.

नवीन बाग शोधाल तेव्हा रंगरंगोटीला भुलू नका. घसरगुंडी जिथे संपते तिथे खाली काय आहे ते बघा. वाळू किंवा रबरी गादी हवी. लादी असेल तर सरळ दुसरीकडे जा. झोपाळ्याची साखळी वरच्या कडीपाशी झिजते, तिथे नजर टाका. पत्र्याची घसरगुंडी उन्हात चांगलीच तापते, मुलाला बसवण्याआधी हात लावून पाहा. कुंपण आणि पिण्याचं पाणी आहे का, तेही बघा.

महापालिकेच्या बागेत काही तुटलेलं दिसलं तर फोटो काढून ठेवा आणि १९१६ वर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक इथे टाका, म्हणजे पाठपुरावा सगळ्यांना करता येईल. नुसतं ‘कोणीतरी बघा’ लिहू नये, ही विनंती.

– पालक समिती