मोठी की छोटी

क्राइस्टचर्च, न्यूझीलंड,
१९ जुलै

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

जेट बोट मोठी घ्यावी की छोटी, यावर फोनवर तू "मोठीच घे, एकदाच काय तो खर्च" म्हणालास. मीही हो-हो केलं, पण नंतर ते मनाला पटेना. पंपांतलं तुला जेवढं कळतं तेवढं मला या जन्मी कळणार नाही, हे मान्य. पण इथली नदी तू पाहिलेली नाहीस, म्हणून सविस्तर लिहितोय. आधी वाच, मग शिव्या घाल.

दोन्ही बोटी ॲल्युमिनियमच्या, दोन्ही जुन्या. एक ४.३ मीटरची, व्ही-६ इंजिनाची. ॲशबर्टनकडे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये उभी आहे. दुसरी तिमारूला, ५.६ मीटरची, ५.७ लिटरचं व्ही-८. तिला पुढे काच, वर छत, सहा जणांना ऐसपैस जागा. मेधाला ती बघताक्षणी आवडली. मुलांनी तर आपापल्या जागाही वाटून घेतल्या. किंमत छोटीच्या जवळपास दुप्पट.

यंत्र तुझ्या ओळखीचंच आहे. तळाला जाळी, जाळीतून पाणी वर, मग इंपेलर म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, आणि मागच्या नॉझलमधून, म्हणजे तोटीतून, जोरात बाहेर. पाण्याखाली पंखा नाही, सुकाणू नाही. वळायचं तर नॉझल फिरवायचं, मागे जायचं तर धारेवर बकेट म्हणजे वाकडं झाकण पाडून धार पुढे उलटवायची. हे सगळं इथलंच. मॅकेन्झी भागात आयरिशमन क्रीक म्हणून मेंढ्यांचं मोठं रान आहे, तिथल्या बिल हॅमिल्टनने १९५० च्या दशकात घरच्या वर्कशॉपमध्ये हे जमवलं. जेटची कल्पना त्याची नव्हती. आधीच्या लोकांची धार पाण्याखाली सुटायची, याने ती पाण्याच्या पातळीच्या वर आणली आणि बोट पळायला लागली. १९६० साली याच बोटी कोलोरॅडो नदीतून, ग्रँड कॅन्यनमधून उलट्या प्रवाहाने वर गेल्या. आणि १९७७ साली एव्हरेस्टवाला हिलरी गंगासागरहून गंगेतून वर निघाला तोही जेट बोटीच घेऊन. नंदप्रयागला धबधबा आडवा आला तेव्हा थांबला. त्यातली एक बोट हॅमिल्टनचा मुलगा जॉन चालवत होता. तेव्हा आपण सांगलीत काय करत होतो देव जाणे, पण बोटी आपल्या गंगेत होत्या.

आता नदी. कृष्णा डोळ्यांसमोर आणू नकोस. आयर्विन पुलाखाली कशी ती एका पात्रात, दोन काठांच्या मध्ये वाहते! इथली रकाया नदी एवढी पसरते की तिच्यावरचा रस्त्याचा पूल पावणेदोन किलोमीटर लांब आहे, देशात सर्वांत लांब. आणि पुलाखाली बघावं तर बहुतेक सगळे गोटेच. त्या गोट्यांतून पाच-सात-दहा फाटे वेणीसारखे फुटतात, जुळतात, पुन्हा फुटतात. वायमकरिरी तशीच, रांगिटाटा तशीच. इथल्या आल्प्सवर (युरोपातले नव्हेत) वायव्येचा वारा पाऊस घेऊन आला की पूर येतो, आणि त्या वेळी आमच्याकडे कडकडीत ऊन असतं. पूर ओसरल्यावर फाटे बदललेले. परवा जिथून गेलो तिथे आज रेव. नकाशा कुणाकडे नसतो. पाण्याचा रंग, वरची सुरकुती, कुठल्या फाट्याला जास्त पाणी, हे चालत्या बोटीतून वाचायचं आणि पापणी लवायच्या आत ठरवायचं.

तू म्हणशील, मोठी बोट जड म्हणून जास्त खोल बुडणार, एवढंच ना? तसं सरळ नाही. वेगात असताना बोट पाण्यावर उचलली जाते आणि काही इंच पाण्यावरूनही निघून जाते. मोठीचा तळही मोठा, इंजिनही दांडगं, त्यामुळे एकदा उचलली की तीही उथळावरून बऱ्यापैकी जाते. फरक पडतो थांबल्यावर. थांबली की बोट खाली बसते, आणि पुन्हा उचलायला मोठीला जास्त खोल पाणी आणि जास्त लांब धाव लागते.

आणि खरी गोष्ट ती रुतल्यावर. या नद्यांवर बोट रेवेवर चढणं हा अपघात नाही, रोजचा व्यवहार आहे. इथल्या जुन्या लोकांच्या बोटीत फावडं, दोर, हातविंच (दोर गुंडाळून बोट ओढायचं हाताचं यंत्र), छातीपर्यंतचे रबरी पायजमे कायम असतात, आणि शहाणा माणूस एकटा जात नाही, सोबत दुसरी बोट असते. छोटी बोट इंजिनासकट पाऊण टनाच्या आसपास. मी आणि मेधा गुडघाभर बर्फाळ पाण्यात उतरलो, खालची रेव उकरली, नाक पाण्याकडे वळवलं, तर हलते. एका मित्राच्या तेवढ्याच बोटीला आम्ही असं ढकललेलं आहे. तिमारूची बोट भरल्या टाकीनिशी तेराशे किलोच्या पुढे. ती वेगाने गोट्यांवर चढून बसली तर माझं कुटुंब तिला हलवू शकत नाही. मुलं काठावर कुडकुडत बसणार, मी विंचला दगड शोधणार, आणि त्या मोकळ्या पात्रात बांधायला एक झाड सापडायचं नाही. माझं तर मत असं झालंय की बोटीत माणसं किती बसतात हे विचारूच नये. बोट रुतून बसली तर ढकलायला कोण आहे ते विचारावं.

दुसरं, तिचं वळणं. जेटला धार आहे तोवरच दिशा आहे. समोर अचानक खडक आला की आपला पाय आपोआप थ्रॉटलवरून उठतो, आणि नेमका तेव्हाच बोट वळायची बंद होते. खरं तर तिथे गॅस वाढवायचा असतो. हे अंगात मुरायला वेळ लागतो, आणि शिकताना तेराशे किलो वजन घसरत जाणं वेगळं, साडेसातशे वेगळं. अरुंद फाट्यात छोटी जागच्या जागी गर्रकन फिरते. मोठीला आधीपासून ठरवावं लागतं.

रस्त्याचंही गणित आहे. आमची गाडी ब्रेकवाला ट्रेलर दीड टनापर्यंत ओढते. छोटी ट्रेलरसकट त्यात आरामात बसते. मोठी पावणेदोन टनांच्या पुढे जाते, म्हणजे बोटीबरोबर गाडीही बदलायची. त्यात व्ही-८ दाबून चालवलं तर पेट्रोल तासाला पन्नास लिटरच्या घरात. तुझा "एकदाच काय तो खर्च" इथेच फुटला.

मोठीच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं आहे. बेनमोरसारख्या तलावावर वारा सुटला की लाटा चांगल्या उठतात, तिथे लांब बोट दोन लाटांवर टेकून जाते आणि छोटी प्रत्येक लाटेवर आपटते. पाठीचे मणके मोजून घ्यावेत. छोटीत चार मोठी माणसं आणि डबे-तंबू भरले की ती उचलायला कुरकुरते. म्हणजे जानेवारीत तुम्ही चौघे आलात तर मला दोन खेपा कराव्या लागतील, आणि एक खेप होईस्तोवर तुझी आई काठावर खुर्ची टाकून बसेल. त्यांना ते चालेल. तुला चालणार नाही.

आणि छोटीचा एक मोह मला आत्ताच दिसतोय. ती कुठल्याही चिंचोळ्या फाट्यात शिरते, म्हणून शिरावंसं वाटतं. पण साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत त्याच गोट्यांवर पक्षी अंडी घालतात. त्यात रायबिल नावाचा एक राखाडी चिमुकला आहे, त्याची चोच उजवीकडे वाकलेली असते. जगात असा दुसरा पक्षी नाही, आणि तो वीण घालतो ती फक्त दक्षिण बेटावरच्या या नद्यांत. अंडी गोट्यांच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. त्या दिवसांत मुख्य धार सोडायची नाही, आणि वाटेल तिथे उतरून चहा उकळायचा नाही. मुलांना हे पटवणं बोट चालवण्यापेक्षा अवघड जाणार आहे.

मेधाचं म्हणशील तर ती अजून छतावर अडून आहे. मी तिला म्हटलं, छोटीला कापडी छत शिवून घेऊ. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढे बोललो नाही.

आता तुझं काम. शनिवारी ॲशबर्टनला जातोय. तळाच्या पत्र्याला पोचे आहेत, त्याचं मला काही वाटत नाही. ॲल्युमिनियम दबतं, फायबरसारखं फुटत नाही, आणि चिरलंच तर वेल्ड होतं. जाळीच्या भोवतीचे वेल्ड आणि बैठकीचे सांधे मात्र नीट बघणार आहे, मार तिथेच बसतो. मला भीती पंपाची. वर्षानुवर्षं वाळू ओढून इंपेलरच्या पात्यांच्या कडा आणि बाहेरची रिंग झिजलेली असणार. इंजिन पूर्ण फिरतं पण बोट ढकललीच जात नाही, अशा तक्रारी ऐकल्यात. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन पाती आणि रिंग यांच्यातली फट चारही बाजूंनी मोजू का? एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी आली तर बेअरिंग गेलं समजायचं का? पात्यांवर बारीक खड्डे दिसले तर ते वाळूचे की कॅव्हिटेशनचे (पाण्यातले बुडबुडे फुटून पडलेले), हे कसं ओळखायचं? मालक म्हणतो रिंग नवी टाकली आहे. माणूस सज्जन वाटतो, पण विकणाऱ्याचं बोलणं आणि गेजचं बोलणं जुळलं तर बरं.

शुक्रवारपर्यंत कळव. फोन नको, लिहूनच पाठव, म्हणजे कागद खिशात घालून बोटीखाली झोपता येईल. आणि जानेवारीत येताना काकूंना गरम मोजे दोन जोड्या जास्त घ्यायला सांग.

तुझा,
शिऱ्या