तो रकाना कोरा ठेवू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू ताट अर्धवट टाकून वर निघून गेलास. नंतर लॅपटॉप बंद करायला गेले, तर तुझा इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या ॲडमिशनचा फॉर्म उघडाच होता. मी तो वाचला. तुला विचारून वाचायला हवा होता, नाही विचारलं. ॲक्टिव्हिटींसाठी दहा जागा आणि तू भरल्यास तीन. नववीतला बँड, एक सीझन ट्रॅक आणि मॅथ क्लब. बाकी सात कोऱ्या. तू टेबलावर म्हणालास तेच तिथे दिसत होतं, "माझ्याकडे काही नाहीच, आई. सगळ्यांकडे रोबोटिक्स आहे, डिबेट आहे."

समोरासमोर बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि इंग्रजीत लिहायला बसले की ऑफिसची मेल होते. म्हणून हे मराठीत. तुला वाचता येतं, आजोबांनी शिकवलंय.

आधी माझं एक सांगते. १९९४ साली मी बारावी झाले. तेव्हा इंजिनिअरिंगची ॲडमिशन म्हणजे पीसीएम ग्रुपचे मार्क, तीनशेपैकी किती, बास. कॉलेजच्या बोर्डावर यादी लागायची आणि आम्ही एकमेकींच्या खांद्यावरून मान उंचावून आपलं नाव शोधायचो. मला हवी असलेली ब्रँच चार मार्कांनी गेली. त्या वर्षी माझी आई, म्हणजे तुझी कराडची आजी, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत अंथरुणाला खिळून होती. सकाळचा स्वयंपाक, मामाची शाळेची तयारी, तिचं औषधपाणी हे सगळं उरकून मी नऊच्या प्रॅक्टिकलला पळायचे. याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. घरच्या मुलीनं करायचं असतं, ते केलं. पण फॉर्म भरताना मी तो दोनदा उलटून पाहिला होता, हे मला आजही आठवतं. कुठे काही लिहायला जागा आहे का, म्हणून. नव्हती. नाव, पत्ता, जात, मार्क आणि खाली सही.

तुझ्या फॉर्मवर ती जागा आहे. ॲक्टिव्हिटी कोणत्या प्रकारची, हे निवडायची जी यादी उघडते ना, त्यात खेळ, संगीत, वादविवाद यांच्याबरोबरीनं 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा वेगळा प्रकार आहे. 'पगारी काम' हाही आहे. मी काल रात्री दोनदा खालीवर करून पाहिलं. आणि तू ती जागा कोरी सोडलीस.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आजोबांना पक्षाघात झाला, तेव्हा तू दहावीत होतास. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाला पाणी मागता येईना. बाबांचा प्रवास, माझी सकाळची मीटिंग. सकाळी सहाला उठून आजोबांजवळ बसायचं हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू आपला बसायला लागलास. सात कप्प्यांच्या डबीत औषधं भरणं, बीपी मोजणं, उजव्या हातात स्पंजचा चेंडू देऊन वीसदा दाबून घेणं, आणि मग धावत बस पकडणं.

बीपीच्या वहीचं तर मी कोणाला सांगितलंच नाही. पहिली काही पानं नुसती आकड्यांची आहेत, तुझ्या वाकड्यातिकड्या मराठी आकड्यांत, कारण आजोबांना ते वाचता यावेत. १४६/९०, १३८/८६. मग नोव्हेंबरपासून आकड्यांच्या बाजूला शब्द यायला लागतात. '१९ नोव्हें. पाणी (दोनदा).' '२३ नोव्हें. खिडकी. चष्म्याला पण खिडकी म्हणाले.' '२ डिसें. नको. नको. नको.' त्या दिवशी आजोबा जे बोलले, ते सगळं तू लिहून ठेवत होतास. स्पीच थेरपिस्टला मराठी येत नव्हतं आणि आजोबांचं इंग्रजी पार पुसून गेलं होतं. त्या दोघांमध्ये पंधरा वर्षांचा तू दुभाषा म्हणून बसायचास. तिच्याकडच्या चित्रकार्डांत बर्फातला टोपीवाला होता आणि टोस्टर होता. ते बघून आजोबा नुसते मान हलवायचे. मग तू घरी कार्डं केलीस. तांब्या, पोळपाट, फळा, खडू, बैल, छत्री. मी आज ड्रॉवर उघडून मोजली. चौसष्ट आहेत.

आणि पाढ्यांचा तो दिवस. तू सकाळी स्वतःशीच काहीतरी मोजत होतास, आणि ज्यांना दोन शब्द जोडता येत नव्हते ते आजोबा एकदम म्हणाले, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा," आणि थेट वीसपर्यंत न अडखळता गेले. मी स्वयंपाकघरात होते, हातातली कढई तशीच राहिली. थेरपिस्टनं नंतर समजावलं, की वर्षानुवर्षं घोकलेलं, सुरात म्हटलेलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. पाढे, प्रार्थना, वारांची नावं. तिनं कारण सांगितलं, पण तू तेवढ्यावर थांबला नाहीस. पाढ्याच्याच चालीत तू शब्द बसवलेस. "पाणी हवं, पाणी द्या." पंधरा दिवस रोज. आणि पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

बाळा, याला तू 'काही नाही' म्हणतोस?

चूक माझीही आहे. त्या वर्षी तुझा केमिस्ट्रीचा ग्रेड बी-मायनसवर आला, तेव्हा मी तुला काय म्हणाले होते ते तू विसरला नसशील. मीही नाही विसरले. माझ्या डोक्यात तो १९९४ चा बोर्ड होता. चार मार्कांनी काय जातं ते मला ठाऊक होतं आणि मी घाबरले होते. सकाळी तू काय करून शाळेत जातोस ते मी रोज बघत होते, आणि तरी तसं बोलले. ते मी बोलायला नको होतं.

मार्कांना काही अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. कॉलेजं आधी ट्रान्स्क्रिप्टच बघतात, कोणते विषय घेतलेस आणि त्यांत काय केलंस. पण तुझ्या शाळेची काउन्सेलर मार्कांबरोबर शाळेची माहितीही पाठवते, शाळेत कोणते कोर्स मिळतात, ग्रेड कसे देतात ते. म्हणजे तुझे मार्क ते तुझ्या शाळेशेजारी ठेवून वाचतात. ते तुझ्या घराशेजारीही ठेवून वाचता यावेत, एवढं करणं तुझ्या हातात आहे. फॉर्ममध्ये अडचणी आणि परिस्थिती सांगायला २५० शब्दांची एक वेगळी जागा दिली आहे. त्या बी-मायनसची हकिकत तिथे सांग, आणि चार-पाच वाक्यांत संपव. कधी झालं, घरात काय बदललं, तुझे किती तास गेले, पुढच्या वर्षी ग्रेड कसे वर आले. रडगाणं नको, माफीही नको. हॉस्पिटलचा निरोप देताना तू फोनवर आत्याशी जसं बोलला होतास, सरळ आणि थोडक्यात, तसं.

यादीतल्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. त्यात विशेषणं बसत नाहीत, आणि नकोतच. 'पक्षाघात झालेल्या आजोबांची रोजची काळजी: औषधं, बीपीची नोंद, व्यायाम, वाचेसाठी ६४ मराठी चित्रकार्डं केली, थेरपीत दुभाषा.' इंग्रजीत तूच कर, तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे. आठवड्याचे तास विचारतात, ते मी मोजले. शाळेच्या दिवशी सकाळची पन्नास मिनिटं, शनिवार-रविवार दोन-दोन तास. आठ होतात. आठच लिही, बारा लिहू नकोस. आणि हे पहिल्या क्रमांकावर टाक. सर्वांत महत्त्वाचं वर ठेवा असं ते स्वतःच सांगतात.

दुसऱ्या क्रमांकावर रविवारची मराठी शाळा. तुला वाटतं आपण तिथे नुसती मदत करतो. मी मागच्या बाकावर बसून पाहिलंय. त्या सहा वर्षांच्या मुलांना 'ळ' येत नव्हता, सगळी 'केलं' आणि 'बाल' म्हणत होती. तू त्यांना जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायला लावलंस, आरसा हातात दिलास, आणि आजोबांची कार्डं काढलीस. केळं, फळा, बाळ, माळ. आजोबांसाठी केलेली वस्तू तू दुसरीकडे वापरलीस, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? मला तर ही दोन कामं एकच वाटतात. तुला भाषाशास्त्र किंवा मेंदूविज्ञान घ्यायचंय असं तू म्हणतोस, आणि ते का, हे कोणी विचारलं की खांदे उडवतोस. याचं उत्तर गेली दोन वर्षं तुझ्या हाताखाली आहे. तिसऱ्या क्रमांकावर ओक ट्री रोडवरच्या दुकानातलं शनिवारचं काम. भाजी निवडणं, कोथिंबिरीच्या जुड्या लावणं, यात लाजण्यासारखं काय आहे? पगार घेतोस, वेळेवर जातोस, त्यातून स्वतःचा फोन भरतोस. लिही.

मी जूनमध्ये तुला न सांगता एका सल्लागाराकडे गेले होते. बरेच पैसे मागत होता. तो म्हणाला, फॉर्मबरोबरच्या निबंधात आजीआजोबांवर सगळीच मुलं लिहितात, त्याला उठाव नाही, त्यापेक्षा मुलाच्या नावानं एक संस्था काढा, वेबसाइट करा, दोन महिन्यांत होऊन जाईल. मी चेकबुक घेऊन गेले होते, हेही तुला सांगते. पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि मला तुझ्या त्या कार्डांची आठवण झाली, आणि मी घरी आले. आपल्याकडे खरं असताना खोटं विकत कशाला घ्यायचं? आणि २०१६ साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून एक अहवाल निघाला होता, मी तो आता शोधून वाचला. त्यात कॉलेजांना हेच सांगितलंय, की परदेशातल्या दिखाऊ सेवा-सहली मोठ्या धरू नका, घरात आजाऱ्याची काळजी घेणारी, घराला हातभार म्हणून काम करणारी मुलं तितकीच मोठी धरा. सगळी कॉलेजं ते पाळतात असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ऐकणारं कोणी आहे, आणि तू बोलतच नाहीयेस.

तरी त्या माणसाचं एक म्हणणं घेण्यासारखं आहे. आजोबांवर लिहिलेल्या निबंधात बहुतेक वेळा आजोबाच दिसतात, मुलगा दिसत नाही. ६५० शब्द आहेत तुझ्याकडे. आजोबा किती थोर शिक्षक होते यात चारशे घालवलेस तर प्रवेश त्यांना मिळेल. तू काय केलंस, काय फसलं, मग काय बदललंस, ते लिही. टोस्टरच्या कार्डापासून सुरू कर, हवं तर. 'चष्म्याला पण खिडकी म्हणाले' ही ओळ लिहिताना तुझ्या डोक्यात काय चाललं होतं? त्या दिवशी तू शाळेतून येऊन मला विचारलं होतंस, की चष्मा आणि खिडकी त्यांच्या डोक्यात एकाच कप्प्यात असतील का. मी भाजी फोडणीला टाकत होते, नुसतं हं म्हणाले. तो प्रश्न लिही. मला त्याचं उत्तर तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नाही, पण असा प्रश्न पडणारा मुलगा आपल्या वर्गात असावा असं कुठल्याही प्राध्यापकाला वाटेल.

शिफारसपत्रासाठी केमिस्ट्रीच्याच बाईंना विचार. तू दचकशील. पण बी-मायनसनंतर तू त्यांच्याकडे जेवणाच्या सुट्टीत किती आठवडे बसलास ते त्यांनी पाहिलंय. ए मिळालेल्या विषयाच्या सरांना तुझ्याबद्दल 'हुशार आहे' याच्यापलीकडे काय सांगता येणार? मात्र लवकर विचार, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच. नोव्हेंबरमधल्या अर्जाच्या शेवटच्या तारखांसाठी सगळी मुलं त्यांच्याच दाराशी उभी राहतात.

कुठे होईल ते मला माहीत नाही. आपल्या राज्याच्या रटगर्स विद्यापीठात झालं तर बाबांना आनंद आहे, घराजवळ आणि फीही आवाक्यात. लांब झालं तर तिथे. नाही म्हणणारी पत्रंही येतील, तेव्हा मी बोर्डासमोरच्या मुलीसारखी वागणार नाही, एवढा शब्द देते.

एक गोष्ट राहिली. आजोबांचं आजारपण हे त्यांचं आहे. त्यांना नीट बोलता येत नाही म्हणून त्यांना न विचारता जगाला सांगायचं, हे मला बरं वाटेना. आज दुपारी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "तो तुमच्याबद्दल लिहील, कॉलेजसाठी. चालेल का?" ते खूप वेळ खिडकीकडे बघत राहिले. मला वाटलं, समजलं नाही. मग डाव्या हातानं हवेत ओळी ओढल्यासारखं केलं आणि म्हणाले, "लिही." आणि थोड्या वेळानं, "मला... दाखव."

तेव्हा निबंध झाला की तो मराठीत करून तुला त्यांना वाचून दाखवावा लागेल. ते चुका काढतील, तयारी ठेव.

वही तुझ्या टेबलावर, चार्जरशेजारी ठेवली आहे. ताटात पोळ्या झाकून ठेवल्यात, गरम करून खा.

तुझी,
आई