सिंकखालच्या गळक्या जोडाबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई स्वतःच्या मनाने सांगते, म्हणून कागदावरच लिहिते. प्लंबर येईपर्यंत बाबा गप्प बसणार नाहीत, हे मी धरूनच चालले आहे.

आई, रात्रीत पातेलं भरतं म्हणून घाबरू नकोस. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. फक्त तिथली फरशी ओली ठेवू नकोस, मला त्या पाण्यापेक्षा तुझ्या घसरण्याची काळजी आहे.

बाबा, आधी गळतंय कुठे ते शोधा. पाणी पाइपावरून ओघळतं आणि थेंब भलत्याच नटावरून पडतो. सगळं फडक्याने कोरडं करा, प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा आणि थोडा वेळ थांबा. जी पट्टी सगळ्यात आधी भिजेल, तो जोड आपला. गुडघे टेकून बसू नका, पाट घ्या. वॉटर प्युरिफायरचा प्लगही काढून ठेवा.

कनेक्शन पाइपाचा, म्हणजे भिंतीतल्या कॉकपासून वरच्या नळापर्यंत जाणाऱ्या जाळीच्या पाइपाचा नट गळत असेल, तर ते काम खुशाल तुम्ही करा. अँगल कॉक, म्हणजे सिंकखाली भिंतीतून आलेला तो छोटा कॉक, बंद करायचा आणि वरचा नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्यायचं. बोअरच्या क्षारांनी कॉक जाम झाला असेल तर जोर लावू नका, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. त्यासाठी शेजारच्या पोराला हाक मारा. तुम्ही शिडी चढायची नाही, हे आईच्या देखत लिहिते आहे.

आता महत्त्वाचं. नट फिरवायचे पाने दोन हवेत. एकाने अँगल कॉक घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने ओढलंत तर नटाबरोबर कॉकही भिंतीत फिरतो आणि धड असलेला जोड सैल होतो. नट निघाला की आतला रबरी वॉशर बघा. बहुतेक तो कडक झालेला किंवा चिरलेला असेल. तोच घेऊन दुकानात जा आणि अर्ध्या इंचाचा तसाच नवा आणा. पाइपाच्या जाळीला गंज दिसला तर लांबी मोजून अख्खा पाइपच बदला, त्यात काटकसर नको. नवा वॉशर बसवल्यावर नट हाताने आवळा, मग पान्याने पाव फेरा. बास. जास्त आवळलं की वॉशर दबून फाटतो.

तुम्ही टेफ्लॉन टेप आणून ठेवली आहे म्हणे. ती या नटाला लावू नका. इथे पाणी वॉशर अडवतो, आटे नाहीत. टेप लागते ती कॉक भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडात बसतो तिथे. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते. आणि आट्यांना धागा गुंडाळून वरून पांढरा लेप लावायचा तुमचा तो धागा-सफेदा आता विसरा. जुन्या सफेद्यात शिसं असायचं, पिण्याच्या पाण्याला ते नको.

पण गळती भिंतीजवळच असेल, तर हे सगळं ज्ञान बाजूला ठेवा आणि हात लावू नका. आपली लाइन जुनी, जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची. आटे गंजून पातळ झालेले असले तर कॉक फिरवताना तुकडा आतच मोडतो, मग टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नाही. वरून एम-सील थापायचंही मनात आणू नका, पाणी ठिबकत असताना ते धड धरत नाही आणि नंतर प्लंबरला खरवडत बसावं लागतं. रात्री झोपताना टाकीचा व्हॉल्व्ह त्या पोराकडून बंद करून घ्या आणि प्लंबरची वाट बघा. त्याच्या पैशांवरून आई, तू घासाघीस करू नकोस, ते मी पाठवते.

कोणती पट्टी आधी भिजली, तेवढं कळवा.

तुमची,
धाकटी