रविवारी सकाळी ७ ला ठाण्यात उपवन तलावाजवळ स्काऊटचा सराव

पालकांनो नीट वाचा, हे फक्त राज्य पुरस्कार झालेल्या मुलांसाठी आहे. आता पुढचा टप्पा राष्ट्रपती स्काऊट पुरस्कार, त्याच्या वर काही नाही, म्हणून लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) मुलानेच लिहायचं, मागच्या वेळी दोन वह्या आईच्या सुंदर अक्षरात आल्या होत्या, कळतं हो ते!

- पूर्ण युनिफॉर्म, स्कार्फ, शिट्टी
- ३ मीटर सुती दोरी स्वतःची (नायलॉन नको, गाठ सरकते). बोलाइन आणि क्लोव्ह हिच या गाठी न बघता बांधायला लावणार आहे
- लॉगबुक, प्रवेश ते तृतीय सोपान (राज्य पुरस्काराआधीचे टप्पे) सगळ्या सह्यांसकट
- पाणी, डबा

पार्किंगची बोंब असते, टीएमटी बसने या. कोणी येणार नसेल तर शनिवारी रात्री ९ पर्यंत ग्रुपवरच टाका, फोन नको प्लीज.