रिकाम्या रकान्यांबद्दल आभार

मावशी,

आधी विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असतात. म्हणून लिहून झाल्यावरच दाखवणार आहे.

रिस्टोरेटिव्ह नर्सिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा फाइल नीट ठेवली की झालं, अशी माझी समजूत होती. फिजिओथेरपिस्ट माणसाला उभं करून देतात. ती ताकद टिकवायचं काम मग आपल्या नर्सिंगवाल्यांचं: चालवणं, स्वतःच्या हाताने जेवू देणं, कपडे घालू देणं, सांधे आखडू न देणं. अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या, म्हणजे आजी-आजोबांना कायम ठेवून सांभाळणाऱ्या संस्थांच्या, नियमांत याचं मापच ठरलेलं आहे. एखादा दिवस हिशेबात धरायचा तर त्या कृतीची दिवसभरात मिळून किमान 15 मिनिटं भरली पाहिजेत, आणि गटात घेतलं तर एका मदतनिसामागे चारपेक्षा जास्त माणसं नकोत. मी तेच 15 उचललं, आठवड्याचे सहा दिवस ठरवले, तक्ता छापून भिंतीला लावला आणि खूश झाले.

महिनाअखेरीला सगळे रकाने भरलेले. 15, 15, 15. निम्म्या जणी गैरहजर होत्या त्या दिवशीसुद्धा 15! मला ते खटकलं नाही. खटकला तो तुमचा कागद, कारण त्यात मधे मधे भोकं होती. चार-पाच रकाने रिकामे. मी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, तेही जरा चढ्या आवाजातच. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी आजींना चालवलंच नाही, मग पंधरा कुठून आणू?"

त्या दिवशी तुम्हाला आंघोळीच्या कामाला ओढून नेणारी मीच होते. हे तुम्ही तेव्हा बोलला नाहीत, नंतरही कधी नाही. मला ते हजेरीपट बघताना कळलं.

मग मी सगळ्यांना सांगितलं, झालं नसेल तर रकाना मोकळा सोडा, कोणी रागावणार नाही. पुढच्या महिन्याचा तक्ता चाळणीसारखा दिसत होता. तो आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवले तर माणसं कमी पडलेले दिवस आणि रिकामे दिवस एकच. ते दोन कागद घेऊन मी ऑफिसात गेले. तोवर किती वेळा तोंडी रडगाणं गायलं होतं! या वेळी सकाळचे दोन तास तुम्हाला कुठेही हलवायचं नाही, असं ठरून आलं. ते दोन तास तुमच्या कोऱ्या रकान्यांनी मिळवले.

आणि त्या दोन तासांत तुम्ही काय करता, तर बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काहीच नाही. झटक्याने डावी बाजू गेलेले आजोबा शर्ट घालताहेत आणि तुम्ही स्टुलावर हात पाठीमागे धरून बसलेल्या. आधी दुबळा हात बाहीत, मग चांगला, काढताना उलट. एवढं मीही शिकवते. पण तिसऱ्या बटणाशी बोटं अडली की माझा हात आपोआप पुढे जातो, तुमचा जात नाही. त्यांची मुलगी एकदा तक्रार घेऊन आली, "मावशी नुसत्या बघत बसतात." तुम्ही तिला दुसरं स्टूल दिलंत. बावीस मिनिटं लागली. शेवटचं बटण लागलं तेव्हा तीच मला बोलवायला आली.

मी तिला समजावलं असतं ते आकड्यांनी. 2007 साली छापून आलेल्या एका अभ्यासात निरोगी वयस्कांना 10 दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला होता. निरोगी माणसांचा! आकडा खरा आहे, पण स्टूल जास्त उपयोगी पडलं, हे मान्य करते.

माझी ध्येयं लिहायची पद्धतही तुम्हीच मोडलीत. मी लिहायचे, "चालणे सुधारणे." तुम्ही विचारलंत, "सुधारणे म्हणजे कुठपर्यंत, सिस्टर?" आता लिहिते, वॉकर घेऊन, एका माणसाच्या आधाराने, खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंत, दिवसातून दोनदा. त्यामुळेच तर कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींचं लक्षात आलं. "आज चालताना तीनदा बसल्या, एरवी एकदाही नाही," असं तुम्ही लिहिलंत. ताप नव्हता, दुखत नव्हतं, त्या स्वतः बरी आहे म्हणत होत्या. तुमच्या एका ओळीवरून डॉक्टरांना बोलावलं आणि लघवीचं इन्फेक्शन वेळेत सापडलं.

सगळ्यांचं असं होत नाही, ते आपण दोघी जाणतो. मुठी वळलेल्या आजींची बोटं आता उघडणार नाहीत. तरी तुम्ही रोज हळूहळू ती सोडवता, बोटं सरळ धरून ठेवणारी स्प्लिंट बांधता, काढल्यावर कातडी लाल झाली का ते बघता. त्यांच्या कागदावर ध्येय म्हणून मी एवढंच लिहिलंय की तळहातात नख रुतू नये. वर्ष झालं, रुतलेलं नाही. या एका कामाचे आभार कसे मानायचे ते मला सुचलेलं नाही.

तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागते. चूक माझी होती, मावशी.

सोमवारपासून नवी मुलगी येतेय. तिला तुमच्याबरोबर लावलंय. स्टुलं दोन ठेवली आहेत.

तुमची,
सिस्टर