बाबा, ते घड्याळ पाच हजाराचं नव्हतं

टिळकवाडी, बेळगाव
बुधवार, रात्री साडेदहा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बोलायचं तर आपल्याकडं जांबोटी सोडली की रेंज जाते, आणि घरी येऊन समोर बसले की बाबा विषय काजूच्या बागेवर नेतात, म्हणून लिहून दादाबरोबर पाठवतेय. बाबांनी स्वतः चष्मा लावून वाचायचं, दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं नाही.

आधी कबूल करून टाकते. पळताना घालायचं माझं ते स्मार्ट घड्याळ, सॅटेलाईटवरनं अंतर आणि मनगटावर नाडी मोजणारं, तुम्हाला पाच हजाराचं म्हणून सांगितलं होतं. ते पाच हजाराचं नव्हतं, बावीस हजाराचं होतं, तेही सेलमध्ये. दादानं सांगितलं ते खरंय. तीन वर्षं झाली घेऊन आणि दरवेळी घरी येताना बाही खाली ओढून यायचे, कारण तुमचं एचएमटी लग्नातलं, सकाळी चावी दिली की दिवसभर बिनतक्रार चालतंय, आणि वर तुमचा तो एकच प्रश्न, "वेळ दोन्हीत सारखीच दाखवते न्हवं?" होय बाबा, वेळ सारखीच.

त्यात परवा आई म्हणाली बाबांना पण तसलं एक घे, म्हणजे पहाटे बागेकडं गेले की कुठं आहेत ते कळेल, गवे खाली उतरायलेत, पाय घसरून पडले तर कोण बघणार. आई, काळजी बरोबर आहे तुझी, पण घड्याळ त्या कामाचं नाही. का ते सांगते, आधी बाबांचा हिशोब मिटवते.

पूर्वी फोन हातात धरून पळायचे. बेळगावचा जून-जुलै तुम्हाला सांगायला नको, ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, थांबायचं, पुसायचं, परत पळायचं, एक फोन त्यातच गेला. घड्याळाला बटणं आहेत, पावसात दाबली की चालू. हा झाला बारीक फायदा.

मोठा फायदा सांगितला तर हसाल. ह्या घड्याळानं मला हळू पळायला शिकवलं. मी रोज व्हॅक्सिन डेपोच्या झाडांतनं जीव खाऊन पळायचे, आणि महिना-दीड महिना झाला की नडगी दुखायला लागून पंधरा दिवस घरात, परत सुरू, परत नडगी. घड्याळ घातल्यावर कळलं की ज्याला मी आरामात पळणं म्हणत होते त्यात नाडी एकशे सत्तरच्या वर जायलीय. आधी विश्वास बसला नाही, कारण मनगटाखाली तो हिरवा लाईट मारून हे नाडी मोजतं आणि पट्टा सैल असला किंवा थंडीत हात गार पडला की चुकतं, कधीकधी तर नाडीऐवजी पावलंच मोजून दाखवतं. म्हणून मैत्रिणीचा छातीला बांधायचा पट्टा लावून बघितला, तो ईसीजीसारखा हृदयाच्या विजेवरनं मोजतो, त्यातही तेच. मग वेग कमी केला, इतका की पळता पळता गप्पा मारता याव्यात, मॉर्निंग वॉकवाले आजोबा मला मागं टाकून जायचे, लाज वाटायची. पण दोन वर्षांत नडगी दुखली नाही आणि गेल्या वर्षी हाफ मॅरेथॉन पूर्ण झाली. तुम्ही म्हणणार, माणसाला आपली धाप कळायला बावीस हजार लागतात काय? कळायला पाहिजे होती बाबा. मला कळत नव्हती.

आता तोटे, आणि हे मी दादाला पण सांगितलेलं नाही. आई, दिवाळीत मी रात्री अंगणात तुळशीभोवती गोल गोल पळत होते आणि तू विचारलंस "काय हरवलंय काय गं?" काही हरवलं नव्हतं. घड्याळात ९.८ किलोमीटर झालेले आणि मला १० करायचे होते. दोनशे मीटर! कुणी बघणार नाही, कुणाला सांगायचं नाही, तरी झोप येईना. सकाळी उठलं की हे झोपेचे मार्क देतं, छान झोप झाली वाटत असताना पन्नास मार्क बघितले की दिवसभर उगाच अंग जड. एकदा ताप अंगात असताना पळाले, कारण सलग ४० दिवस झाले होते आणि साखळी तुटली असती. पुढं आठ दिवस अंथरुणात. आईला तेव्हा व्हायरल म्हणून सांगितलं, व्हायरलच होतं, पण वाढवलं मी.

कॅलरीचं तर विचारूच नका. सहाशे जळल्या म्हणालं की मी शनिवारी हिशोबानं कुंदा खायचे, वजन काही हलेना. नंतर वाचलं की २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये सात प्रकारची मनगटी यंत्रं तपासली होती, नाडी बहुतेकांची ठीक निघाली पण कॅलरीत सगळ्यात बरं यंत्र सुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होतं. म्हणजे कुंदा माझ्या खात्यावरच.

हाफच्या दिवशी पण असंच. हाफ म्हणजे २१.१ किलोमीटर, घड्याळात २१.४ आलं आणि मी बाकीच्यांबरोबर तावातावानं भांडत होते की आयोजकांनी जास्त पळवलं. चूक आमची. नीट मोजलेला रस्ता सायकलला मीटर लावून सगळ्यात जवळच्या वाटेनं मोजतात, वर किलोमीटरला एक मीटर जादाच धरतात, आणि आम्ही प्रत्येक वळणावर बाहेरनं, पाण्याच्या टेबलाकडं तिरकं, असं पळतो. शिवाय घड्याळ स्वतः थोडं चुकतंच, झाडी दाट असली की जास्त. डेपोतला माझा नकाशा बघाल तर मी लोकांच्या परसातनं भिंती फोडून पळालेय.

अजून एक, हे बाबांना आवडणार नाही. ह्यातलं पळणं ॲपवर आपोआप चढतं आणि आपण बंद केलं नाही तर तिथं कोणालाही दिसू शकतं, घरातनं किती वाजता निघाले, कुठल्या गल्लीतनं गेले, सगळं. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा नावाच्या असल्याच पळण्याच्या ॲपच्या नकाशावरनं परदेशातल्या लष्करी तळांवर सैनिक कुठं पळतात ते जगाला दिसलं होतं, केवढा गोंधळ झाला. आपल्याकडं कॅम्पात लष्करच आहे, आणि मी एकटी मुलगी पहाटे साडेपाचला रोज एकाच वाटेनं. आता सगळं खाजगी करून ठेवलंय, घराभोवतीचा भाग लपवलाय, वेळ बदलत असते. पहिलं वर्षभर मात्र सगळं उघडं होतं, हे वाचून ओरडू नका.

आणि बॅटरी. घेतलं तेव्हा आठवडा जायची, आता रोज पळलं तर चौथ्या दिवशी चार्जर मागतं. तुमच्या एचएमटीला काही झालं तर खडे बाजारातला म्हातारा भिंग लावून उघडतो. हे त्याच्याकडं नेलं तर त्यानं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "ह्याला स्क्रू कुठंय?"

आता आईचं. आई, तुला वाटतं वरनं सॅटेलाईट बाबांना बघतंय आणि आपल्याला सांगेल. तसं नसतं. ती सॅटेलाईटं सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरतायत आणि खाली नुसतं सांगत असतात की मी इथं आहे, आत्ता इतके वाजलेत. घड्याळ चार-पाच जणांचं ऐकून आपली जागा स्वतः काढतं. ऐकतं फक्त, वर उत्तर देत नाही. रेडिओवर धारवाड केंद्र लागलं म्हणून धारवाडला आपण दिसतो काय? तसंच. बाबा कुठं आहेत ते तुला कळवायचं तर माझ्यासारख्या घड्याळानं फोनला सांगायला पाहिजे, आणि फोनला रेंज पाहिजे. पडल्यावर आपोआप मेसेज जातो तो पण ह्याच वाटेनं. आपल्या बागेत रेंज किती हे तुला माहितीय. घड्याळाला बिचाऱ्याला पक्कं कळेल की बाबा ओढ्याच्या पलीकडं पडलेत, पण ते त्याच्यापाशीच राहील.

जंगलात वाट चुकली तर आल्या वाटेनं परत न्यायची सोय आहे त्यात, बिनरेंजची पण चालते, ती खरंच चांगली आहे, पण ते जंगल बाबांना घड्याळापेक्षा जास्त ठाऊक. आणि नाडी बघायची म्हणशील तर नाडी जास्तीत जास्त किती जाईल त्याचा २२० वजा वय हा जो हिशोब ते धरतं तो मुळात अंदाजाचा, त्यात बीपीच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम कमी ठेवतात. बाबांची गोळी त्यातली आहे काय ते खानापूरच्या डॉक्टरांना विचारायचंय, गोळ्यांची ती पट्टी फेकू नका. उगाच आकडा बघून बाबा घाबरायचे, नाहीतर आकडा चांगला म्हणून पोतं उचलायचे. ह्या दोन्हीतलं दुसरंच करतील.

म्हणून मी घड्याळ आणत नाही. एक जोरात वाजणारी शिट्टी आणतेय, गळ्यात अडकवायची, दीडशे रुपयांची. शेजारी सांगून ठेवा, तीनदा वाजली तर धावत जायचं. आणि बाबा, निघताना आईला कुठल्या बाजूला जाताय ते सांगून निघायचं, एवढं कराच.

शनिवारी दुपारच्या कणकुंबीच्या गाडीनं येतेय. आई, आंबोळ्यांचं पीठ भिजव. घड्याळ घालूनच येणार, बाही न ओढता. उरलेल्या सतरा हजारांचं काय बोलायचंय ते जेवण झाल्यावर बोला.

तुमची,
ताई

ता. क. दादाच्या नव्या मोबाईलची खरी किंमत पण त्याला एकदा विचारा.