छतावर सौर, तरी घरात उकाडा

छतावर सौर पॅनेल बसवले की भारनियमनातून सुटका, हा आपल्या रविवारच्या लेखातील दावा अर्धवट आहे. पॅनेलची वीज घरगुती वापराजोगी करणाऱ्या साध्या ऑन-ग्रिड (म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या) इन्व्हर्टरची वीज आधी घरातल्या पंखा-फ्रिजला पुरते, उरलेली येणारी-जाणारी वीज मोजणाऱ्या नेट मीटरमधून महावितरणच्या तारांत जाते. पण बाहेरचा पुरवठा खंडित होताच हा इन्व्हर्टरही थांबतो. खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. परभणीचा मे महिना, भर दुपार, डोक्यावर ३ किलोवॅटचे पॅनेल आणि आमच्या हातात पुठ्ठा! वीज गेल्यावरही पंखा फिरायला हवा तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेतील ७८ हजारांपर्यंतचे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीचा खर्च वेगळा. विक्रेत्यांनी हे कोटेशनमध्येच लिहून द्यावे.

– एक वीजग्राहक, परभणी